कांद्यावाचून रंगलेले ताट

कांदा, लसूण, बटाटा, गाजर वर्ज्य. म्हणजे ताट फिकेच असणार, हा समज हल्ली बाहेरच्यांपेक्षा घरातील तरुण पिढीतच अधिक आढळतो. त्यात चौविहार पाळणाऱ्या घरी हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुले-सुना नोकरीवरून परतण्यापूर्वीच वृद्ध दांपत्य आपल्यापुरते काहीतरी रांधून घेते. डाळ पातळ होत जाते, भात वाढतो आणि ज्या वयात प्रथिनांची गरज अधिक, त्याच वयात ती घटतात.

येथे मूगडाळ कामी येते. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात आणि ती न भिजवताही लवकर शिजते. डाळ घट्टसर ठेवावी. लाल भोपळा व दोडक्याच्या फोडी निराळ्या परतून शेवटी मिसळाव्यात, म्हणजे पिवळ्यावर केशरी आणि हिरवा रंग उठून दिसतो. आमसूल त्याहून उशिरा; आंबट आधी पडले की डाळ शिजता शिजत नाही आणि दोडक्याचा हिरवेपणा मळकट होतो. फोडणीत मोहरी तडतडल्यावर जिरे, सुकी मिरची आणि अखेरीस हिंग. तो करपला तर सारेच बिघडले, कारण कांद्याची उणीव तोच भरून काढतो.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही. त्या दिवशी ज्वारीची भाकरी, पिठले आणि आमसुलाचे लालसर सार. पिठल्यासोबत कच्चे दही मात्र घेऊ नये. तेथे द्विदलाचा नियम आड येतो.