रक्ताचा वारसा आणि मुंबई रक्तगट

बियाण्याचें वाण, बैलाची जात आणि जमिनीचा कस यांची पारख आपल्या जिल्ह्यांतील शेतकरी जन्मभर करीत असतो. परंतु स्वतःच्या अंगांत वाहणारें रक्त कोणत्या गटाचें आहे, हें विचारलें असतां पुष्कळांस उत्तर देतां येत नाहीं. मळणीयंत्रांत हात सांपडला किंवा बाळंतपणांत अतिरक्तस्राव झाला, म्हणजे या अज्ञानाची किंमत घटकेंत कळून येते. यास्तव रक्त म्हणजे काय, त्याचा गट वारशानें कसा येतो, व मुंबईस आढळलेला एक विलक्षण रक्तगट आपणांस काय शिकवितो, याचें विवेचन येथें योजिलें आहे.

कणीस जसें दाण्यांचें, तसें शरीर पेशींचें बनलेलें असतें. प्रौढ मनुष्याच्या अंगांत सुमारें 5 लिटर रक्त असून त्याच्या एका घन मिलिमीटरांत सुमारें 50 लाख तांबड्या पेशी असतात. त्या हाडांतील मज्जेंत तयार होतात, सुमारें 120 दिवस टिकतात, आणि आपल्यांतील लोहयुक्त द्रव्याच्या योगानें फुफ्फुसांतील प्राणवायु सर्व शरीरास पोंचवितात.

सर्वांचें रक्त दिसण्यांत सारखें असलें, तरी तें एक नव्हे. व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनीं 1901 सालीं हा भेद दाखवून दिला. तांबड्या पेशींवर ‘ए’ खूण असल्यास ए गट, ‘बी’ असल्यास बी, दोन्ही असल्यास एबी, आणि दोन्ही नसल्यास ओ गट होय. जी खूण आपल्या पेशींवर नसते, तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें आपल्या रक्तद्रवांत असतात. म्हणून न जुळणारें रक्त दिल्यास दिलेल्या पेशींचा नाश होऊन रोगी प्राणांस मुकूं शकतो.

आतां वारशाकडे वळूं. पक्व तांबड्या पेशींत केंद्रक उरत नाहीं. परंतु शरीरांतील इतर बहुतेक पेशींत तें असून त्यांत 46 गुणसूत्रें असतात. ज्वारीच्या पेशींत हीच संख्या 20 आहे. अर्धीं गुणसूत्रें बापाकडून व अर्धीं आईकडून येतात. म्हणजे बहुतेक प्रत्येक गुणाच्या दप्तरीं दोन नोंदी असतात, आणि कित्येकदां एक नोंद दुसरीस झांकून ठेवते. वाटाण्यावरील प्रयोगांतून मेंडेल यांनीं हा नियम 1866 सालीं प्रसिद्ध केला. आपणांस तो शेतांतच दिसतो. 1964 सालीं सीएसएच-1 हें संकरित ज्वारीचें वाण आलें, तेव्हांपासून शेतकरी जाणतो कीं, संकरिताचें घरचें बीं पेरल्यास पीक एकसारखें येत नाहीं. पहिल्या पिढींत झांकलेले गुण दुसऱ्या पिढींत उघडे पडतात.

असाच एक झांकलेला गुण डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांस मुंबईस आढळला. त्यांचें टिपण 1952 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें. हें रक्त साध्या तपासणींत ओ गटाचें भासे. परंतु ओ गटाच्या रक्ताशींही तें जुळेना. कारण असें कीं, ए व बी या खुणा ‘एच’ नांवाच्या पायावर उभ्या राहतात. ओ गटाच्या पेशींवरही हा पाया असतो. मुंबई गटाच्या पेशींवर मात्र तोच नसतो. आईबापांकडून आलेल्या दोन्ही नोंदी सदोष असतील, तरच असें घडतें. भारतांत सुमारें 10 हजारांत एक, तर युरोपांत सुमारें 10 लाखांत एक मनुष्य या गटाचा असतो. हा रोग नव्हे. असा मनुष्य इतरांप्रमाणेंच निरोगी असतो. परंतु त्यास रक्त चालतें तें केवळ मुंबई गटाचेंच.

यांतून आणखी एक गोष्ट निघते. पाया नसल्यामुळें अशा मनुष्याची ए किंवा बी नोंद दिसत नाहीं. पण ती दप्तरांत कायम असते व अपत्यास मिळूं शकते. त्यामुळें आईबाप दोघेही ओ गटाचे ठरावे आणि मूल बी गटाचें निघावें, असें क्वचित् घडूं शकतें. तेवढ्यावरून कोणा स्त्रीच्या शीलाविषयीं संशय घेणें हा घोर अन्याय होय. आधीं पूर्ण तपासणी करावी.

व्यवहारांत काय करावें? घरांतील प्रत्येकाचा गट तपासून लिहून ठेवावा. रक्त देण्यापूर्वीं दात्याचें व रोग्याचें रक्त जुळवून पाहिलें आहे ना, हें विचारावें. ओ गट असूनही ओ रक्त जुळत नसेल, तर मुंबई गटाची तपासणी करवावी. तो ठरल्यास सख्ख्या भावाबहिणींचें रक्त प्रथम पाहावें. आईबाप दोघेही हा गुण झांकून वागवीत असतील, तर प्रत्येक भावंडांत तो प्रकट होण्याचा संभव चारांत एक असतो.

हाच हिशेब सिकलसेल या रक्तदोषास लागू आहे, व तेथें प्रश्न गंभीर आहे. गडचिरोली व नंदुरबार या जिल्ह्यांत हा दोष विशेष आढळतो. एकच सदोष नोंद असलेला वाहक बहुधा निरोगी दिसतो. पण दोघे वाहक विवाहबद्ध झाल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल आपल्याकडे आहे. एकाच आजोबा-आजीकडून आलेली झांकलेली नोंद अशा जोडप्यांत दोहोंकडे असण्याचा संभव अधिक. म्हणून पत्रिका अवश्य पाहावी, परंतु रक्त तपासल्यावांचून सुपारी फोडूं नये. बियाण्याची उगवण पाहून मगच पेरणारा शेतकरी आपल्या वंशाविषयीं तेवढी दक्षता खचित घेईल.