रामवाडी ते रोहा : खानावळीच्या फळ्यावरची अनोळखी नावं

पेणच्या रामवाडीपासून रोह्यापर्यंतच्या आगरी-कोळी जेवणातले काही पदार्थ :

• पोपटी : थंडीतला पदार्थ, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. हवी तर अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्यानेच बंद. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या-पाऊण तासात तयार. मडक्यावर शिंपडलेलं पाणी चर्रकन उडालं, की उतरवायचं. नुसत्या शेंगांची पोपटी शाकाहारी. दक्षिण गुजरातेतलं उंबाडियुं हे तिचं भावंड.

• जिताडा : खाडीतला, तसाच खारभूमीच्या तळ्यांतला मासा. बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. बहुतेक जिताडे आधी नर असतात. मोठे झाल्यावर मादी होतात.

• निवटी : खाडीच्या चिखलावर उड्या मारणारा छोटा मासा. कातडी ओली असेतो हवेतही श्वास घेतो. कालवण करतात.

• कालवं आणि खुबे : दोन्ही शिंपल्यांतले. कालवं खडकाला चिकटलेली, खुबे वाळू-चिखलात पुरलेले. मासे पचणाऱ्यांनाही शिंपल्यांची ॲलर्जी असू शकते. पहिल्यांदा खाताना थोडेच घ्यावेत.