भरतकाम यंत्रावरील क्लॅम्प

भरतकाम यंत्रावरील क्लॅम्प हे व्यावसायिक संगणकीय भरतकाम यंत्रावर कापड किंवा तयार वस्तू घट्ट धरून ठेवणारे जोडसाधन आहे. यंत्रासोबत मिळणाऱ्या नेहमीच्या रिंगमध्ये न बसणाऱ्या वस्तूंसाठी त्याचा उपयोग होतो. चामड्याची पिशवी, बूट, टोपीची मागील पट्टी, शर्टाचा खिसा, हातमोजा व कमरपट्टा ही अशा वस्तूंची उदाहरणे होत. क्लॅम्प यंत्राच्या मूळ उत्पादकाकडून मिळतात, तसेच इतर उत्पादकही ते स्वतंत्रपणे विकतात. या दुसऱ्या प्रकारास प्रस्तुत लेखात ‘बाह्य क्लॅम्प’ असे म्हटले आहे. बाह्य क्लॅम्पचे आकारमान यंत्राच्या नियंत्रकास आपोआप कळत नसल्यामुळे त्याच्या सुरक्षित वापराची जबाबदारी मुख्यतः कारागिरावर येते.

पार्श्वभूमी

हाताने भरतकाम करताना कापड स्थिर असते आणि सुई फिरते. यंत्रावरील भरतकामात मात्र सुई एकाच जागी वरखाली होते आणि कापड धरणारी चौकट पुढेमागे व डावीउजवीकडे सरकते. स्वित्झर्लंडमधील आयझॅक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये शोधलेल्या शिफली यंत्रातही हेच तत्त्व होते. त्या काळी कारागीर पँटोग्राफ या साधनाने मोठ्या आकारात काढलेली नक्षी गिरवीत असे आणि त्यानुसार चौकट हलत असे. आजच्या यंत्रात नक्षी गिरवण्याचे काम संगणक करतो. तथापि चौकट हलवणाऱ्या भागास पँटोग्राफ हेच नाव कायम राहिले आहे. जपानमधील ताजिमा कंपनीने १९६४ मध्ये अनेक शीर्षांचे स्वयंचलित भरतकाम यंत्र बाजारात आणले. भारतात सुरत हे संगणकीय भरतकामाचे प्रमुख केंद्र आहे.

रचना व प्रकार

नेहमीच्या रिंगमध्ये आत व बाहेर अशी दोन कडी असतात व त्यांच्यामध्ये कापड ताणून बसवले जाते. वस्तू जाड, ताठ किंवा आधीच शिवलेली असेल, तर ही कडी एकमेकांत बसत नाहीत किंवा वस्तूवर कायमचा वळ उमटतो. क्लॅम्पमध्ये वस्तू ताणण्याऐवजी दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरली जाते. पट्ट्यांच्या मध्यभागी खिडकीसारखी मोकळी जागा असते आणि भरतकाम तेवढ्याच जागेत होते.

यंत्राच्या शीर्षाखाली निमुळता बाहू असतो व त्याच्या टोकावर सुईखालील पट्टी बसवलेली असते. वस्तूची एकच बाजू या पट्टीवर यावी, यासाठी खिसा, बाही किंवा पिशवी बाहूवर चढवून क्लॅम्पमध्ये धरतात. दाब देण्याच्या पद्धतीनुसार क्लॅम्पचे पुढील प्रकार आढळतात:

* तरफेचे क्लॅम्प: खटका दाबला की वरची पट्टी घट्ट बसते. यांत वेगवेगळ्या मापांच्या खिडक्या बदलून लावता येतात.
* चुंबकीय चौकटी: शक्तिशाली चुंबकांमुळे दोन्ही भाग एकमेकांवर आपोआप बसतात.
* विशिष्ट आकाराचे क्लॅम्प: बूट, मोजे, टोपीची मागील बाजू अशा एकाच प्रकारच्या वस्तूसाठी बनवलेले असतात.

धडक आणि तिची कारणे

क्लॅम्पच्या वापरातील सर्वांत गंभीर दोष म्हणजे सुई किंवा प्रेशर फूट क्लॅम्पच्या धातूवर आदळणे. रिंग बहुधा प्लॅस्टिकची असते, तर क्लॅम्प बहुधा धातूचा असतो. त्यामुळे या धडकेत यंत्राची हानी अधिक होते. सुई तुटते, सुईदांडा वाकू शकतो, सुईखालील पट्टीच्या छिद्राला खरखरीत कड येते आणि हुकाचे टोक झिजते. हुक व सुई यांच्या गतीचा मेळ बिघडल्यास टाके सुटू लागतात.

धडक बसू लागल्यावर बटण दाबून ती टाळता येत नाही, हे साध्या गणितावरून स्पष्ट होते. मिनिटाला ८०० टाके या वेगाने सुई एका सेकंदात १३ पेक्षा अधिक वेळा खाली येते. डोळ्यांनी धोका पाहून हात हलवण्यास माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात तीन टाके पडून गेलेले असतात. म्हणून धडक टाळण्याचे काम यंत्र सुरू होण्यापूर्वीच करावे लागते.

नियंत्रकात नोंदवलेल्या चौकटीची सीमा नक्षी ओलांडत असेल, तर अनेक यंत्रे सूचना देतात किंवा सुरूच होत नाहीत. ही सोय केवळ नोंदवलेल्या मापांवर चालते. कारागिराने पडद्यावर मोठी रिंग निवडली आणि प्रत्यक्षात लहान खिडकीचा क्लॅम्प लावला, तर नियंत्रक रिंगेचीच सीमा खरी मानतो. जवळच्या मापाची रिंग निवडणेही पुरेसे नसते, कारण क्लॅम्पच्या खिडकीचा मध्य रिंगेच्या मध्याशी जुळेलच असे नाही.

जोडणी

पँटोग्राफच्या बाहूंमधील अंतर व खाचांची रचना यंत्राच्या बनावटीनुसार बदलते. त्यामुळे क्लॅम्प आपल्या यंत्राच्या नेमक्या नमुन्यासाठी बनवलेला आहे की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे लागते. न बसणारा क्लॅम्प ठोकून किंवा वाकवून बसवल्यास तो चालू कामात निसटू शकतो. बाह्य जोडसाधनामुळे झालेली हानी यंत्राच्या हमीतून वगळलेली असू शकते. यासाठी हमीपत्रातील अटी वाचणे हिताचे असते.

क्लॅम्प लावताना किंवा काढताना यंत्र पूर्ण थांबलेले असावे. लावल्यावर क्लॅम्पचे खालचे स्क्रू सुईखालील पट्टीस किंवा बाहूस घासत नाहीत ना, हे पाहावे. वरच्या बाजूस उभे राहणारे खटके विशेष तपासावे लागतात. अनेक सुयांच्या शीर्षात काम करणाऱ्या सुईशेजारी इतर सुया व त्यांचे प्रेशर फूट असतात. एका सुईखाली मोकळा वाटणारा क्लॅम्प शेजारच्या भागास अडू शकतो.

चाचणी

नक्षी शिवण्यापूर्वी तिच्या सीमेवरून चौकट फिरवून पाहण्यास ट्रेस म्हणतात. ट्रेस करताना केवळ सुईच्या टोकाकडे पाहणे ही नेहमीची चूक आहे. प्रेशर फूट सुईपेक्षा रुंद असल्यामुळे कडेला प्रथम तोच आदळतो. म्हणून नक्षी व खिडकीची कड यांत निदान प्रेशर फुटाच्या अर्ध्या रुंदीहून अधिक जागा सर्व बाजूंनी सोडावी लागते. चारही कोपऱ्यांत थांबून हे अंतर डोळ्यांनी तपासले जाते.

पुढील प्रसंगी ट्रेस पुन्हा करणे आवश्यक असते:

* नक्षी बदलली, फिरवली किंवा लहानमोठी केली असता
* क्लॅम्प किंवा खिडकी बदलली असता
* वीज गेल्यामुळे चौकटीची जागा बदलली असण्याची शक्यता असता
* क्लॅम्पला धक्का लागला असता

अनेक शीर्षांच्या यंत्रावर प्रत्येक शीर्षाखालील क्लॅम्प स्वतंत्रपणे पाहावा लागतो. एका शीर्षाखाली झालेला निर्दोष ट्रेस दुसऱ्या शीर्षाखालील सैल क्लॅम्पची खात्री देत नाही.

वेग, वजन व पकड

क्लॅम्प व वस्तू यांचे एकत्रित वजन पँटोग्राफला प्रत्येक टाक्यागणिक हलवावे व थांबवावे लागते. वजन अधिक असल्यास चौकट नेमक्या जागी थांबत नाही आणि नक्षीचे रंग एकमेकांपासून सरकतात. अशा कामात वेग कमी ठेवणे हा मुख्य उपाय होय. पिशवीचे लोंबणारे पट्टे, बंद व साखळ्या चिकटपट्टीने बांधून ठेवतात. अन्यथा ते बाहूत अडकतात किंवा नक्षीखाली शिवले जातात.

पकड सैल असल्यास कापड सुईबरोबर वर उचलले जाते, टाके सुटतात व सुई वाकून तुटू शकते. गरजेपेक्षा मोठी खिडकी वापरल्यासही हाच दोष उद्भवतो. म्हणून प्रेशर फुटासाठी पुरेशी जागा सोडणारी, पण त्याहून फार मोठी नसलेली खिडकी योग्य ठरते.

कारागिराची सुरक्षा

तुटलेल्या सुईचा तुकडा वेगाने उडू शकत असल्यामुळे डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. सैल बाही, ओढणी, मोकळे केस व बांगड्या हलत्या भागांत अडकू शकतात. यंत्र चालू असताना क्लॅम्प हाताने दाबून धरणे किंवा खिडकीत बोट घालून धागा काढणे अत्यंत धोकादायक आहे. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्ये यंत्रांच्या धोकादायक भागांभोवती संरक्षक आवरणाची तरतूद करण्यात आली होती.

चुंबकीय चौकटीचे दोन भाग अचानक एकमेकांवर आदळून बोटे चिरडू शकतात. ते कडेच्या मुठींनी धरावेत आणि ठेवताना मध्ये विलगक घालावा. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी अशा चौकटींपासून दूर राहणे आवश्यक आहे.

धडकेनंतरची तपासणी

धडक बसल्यावर केवळ सुई बदलून काम पुढे चालू करू नये. यंत्र बंद करून सुईचे सर्व तुकडे शोधावेत. एखादा तुकडा हुकात राहिल्यास दुसरी हानी होते आणि वस्त्रात राहिल्यास ते वापरणाऱ्यास, विशेषतः लहान मुलास, इजा होते. त्यानंतर सुईदांडा, सुईखालील पट्टी व हुक यांची पाहणी करून यंत्र हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे. कोठेही अडथळा जाणवल्यास तंत्रज्ञाकडून दुरुस्ती होईपर्यंत ते शीर्ष बंद ठेवावे. यंत्र मोकळे फिरत असल्यास टाकाऊ कापडावर मंद वेगाने चाचणी घेऊन मगच मूळ काम हाती घेतले जाते.

हे सुद्धा पहा

* भरतकाम
* शिवणयंत्र
* वस्त्रोद्योग