दुपटं १५७५चं, हातात किती?

सकाळी ६.३०. चहा उकळेपर्यंत विक्रेत्याचं ॲप बघून घेते. रात्रीत दोन दुपटी गेली, एक नाशिकला, दुसरं गुवाहाटीला. एवढ्या लांब आपलं दुपटं जातंय याचं कौतुक वाटतं, पण पाठोपाठ कुरिअरचा आकार आठवतो.

८.००. पॅकिंग. दुपट्याचं वजन ७०० ग्रॅम, पण कुरिअरवाले खोकाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५०००ने भागायचं. येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असले तर पैसे त्यांचे. ३० × २५ × १०चा खोका म्हणजे दीड किलो. तेच दुपटं दाबून ५ सेंटिमीटर उंचीत बसवलं की पाऊण किलो. बंद खोक्याचा मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवते. पुढे वजनावरून वाद निघाला तर दाखवायला काहीतरी हवं.

१०.००. मावशी आणि त्यांची सून शिवायला बसतात. मलमलचे थर, कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा. एका दुपट्याला बारा तास सहज जातात.

“ताई, फोनवर तर पंधराशे पंच्याहत्तर दिसतंय,” मावशी सुईत दोरा ओवता ओवता म्हणतात.

मुद्दा रास्त आहे. “दुपारी वही घेऊन बसू,” मी म्हणते.

१.००. जेवण. तेवढ्यात ग्राहकांची उत्तरं: हो, मशीनमध्ये धुता येतं, नाही, बाळाचं नाव उद्यापर्यंत भरून मिळणार नाही.

३.००. वही. १५७५मध्ये ५ टक्के जीएसटी आहे, तो सरकारचा. राहिले १५००. त्यातून कमिशन आणि ठरावीक शुल्क मिळून २००, कुरिअर ११०. उरले ११९०. या ३१०वर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५५ रुपये ८० पैसे, पण ते आपल्या करातून वजा होतात. साइट अर्धा टक्का टीसीएस कापते, तोही आपल्याच खात्यावर जमा होतो. हे दोन्ही खर्चात धरून घाबरणारे पुष्कळ भेटतात. बँकेत आलेला आकडा म्हणजेच कमाई समजणारे त्याहून जास्त.

मलमल, अस्तर, दोरा २९०. खोका आणि पिशवी ३०. मावशींची मजुरी तासाला ६०प्रमाणे ७२०. उरतात १५०.

“आणि तुमची?” सून विचारते.

फोटो, वर्णन, पॅकिंग, ग्राहकांशी बोलणं यांची मजुरी त्या १५०मध्येच आहे. मावशींच्या ७२०ला हात लावला तर नफा झकास दिसेल. हाताने केलेल्या वस्तूंचे कितीतरी धंदे अशाच कागदी नफ्यावर चालतात. शिवणारी घरचीच असली की मजुरीचा रकाना कोराच असतो.

५.००. पार्सलं न्यायला मुलगा येतो, आणि एक परत आलेलं ठेवून जातो. ‘रंग फोटोपेक्षा फिका.’ जाण्यायेण्याचे २२० आणि नव्या पॅकिंगचे ३० गेले. दहांतलं एक असं परत आलं तर उरलेल्या नऊंचे १३५० घसरून ११०० होतात. म्हणून फोटो आता ओसरीवर, सकाळच्या उजेडात काढायचे; दिव्याखाली पिवळा नेहमी खोटं बोलतो.

९.००. किमती. दुपटं १६८०वर नेते. वाढलेल्या १०५मधले कर आणि कमिशन जाऊन ८७ हाती येतील. गिऱ्हाईक थोडं कमी होईल, होऊ दे.

खरी डोकेदुखी २५०च्या बटव्याची. सगळ्यात जास्त खपतो तो, म्हणून इतके दिवस लाडका. कर काढला की २३८. कमिशन, शुल्क, कुरिअर १००. कापड, चेन, शिलाई आणि पॅकिंग १३०. उरले ८ रुपये. एक परत आला की वीस-पंचवीस बटव्यांची कमाई त्यात जाते. तीन बटव्यांचा संच ७२०ला लावला तर कुरिअर एकदाच पडतं आणि दीडशेच्या वर राहतात. सुटा बटवा साइटवरून काढून टाकते. तो डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत जागा मिळाली तर तिथे विकू. तिथे गाळ्याचं भाडं वेगळं मांडावं लागेल.