संदेश झेलणारी प्रथिने शरीरात कोठे असतात?

प्रतिकारपेशी एकमेकींना आणि इतर पेशींना संदेश देण्यासाठी जी लहान प्रथिने स्रवतात त्यांना सायटोकाइन म्हणतात, आणि तो संदेश झेलणाऱ्या प्रथिनांना रिसेप्टर. हे रिसेप्टर केवळ पांढऱ्या रक्तपेशींवरच असतात, हा समज पाठ्यपुस्तकी चित्रांनी रुजवला असला तरी तो चुकीचा आहे. इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनचा रिसेप्टर यकृताच्या पेशींवरही असतो; संसर्ग होताच यकृत जे प्रथिन रक्तात सोडते आणि ज्याचा आकडा तपासणीच्या अहवालात ‘सीआरपी’ म्हणून छापून येतो, ते याच संदेशामुळे. इंटरल्यूकिन-२२ ची गोष्ट तर उलटीच आहे: ते प्रतिकारपेशी स्रवतात, पण त्याचा रिसेप्टर मुख्यतः त्वचा, आतडे, श्वसनमार्ग यांच्या अस्तरपेशींवर आणि यकृत व स्वादुपिंडातील पेशींवर आढळतो.

रिसेप्टर पेशीच्या आवरणातच रुतलेला असतो, हेही सर्वस्वी खरे नाही. इंटरल्यूकिन-६ च्या रिसेप्टरचा बाहेरील भाग विकरे छाटतात. तो रक्तात फिरतो, संदेशाला धरतो आणि जीपी-१३० नावाच्या जवळपास सर्व पेशींवरील जोडीदार प्रथिनाला जाऊन मिळतो, त्यामुळे ज्या पेशींवर मूळ रिसेप्टर नाही त्यांनाही संदेश पोचतो. कोविडच्या काळात गाजलेले टोसिलिझुमॅब हे औषध या दोन्ही रूपांना अडवते. रिसेप्टरच अडल्याने इंटरल्यूकिन-६ चा निचरा मंदावतो व रक्तातील त्याचे प्रमाण औषधानंतर वाढते. केवळ ही वाढ पाहून आजार बळावला असे मानणे चूक ठरते.

अमुक ऊतीत रिसेप्टर ‘आहे’, एवढ्या विधानालाही फारसा अर्थ नसतो. ऊतीतील कोणत्या पेशीत आहे, हा खरा प्रश्न. २००३ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ‘ह्यूमन प्रोटीन अॅटलास’ प्रकल्पाने हाच प्रश्न हाती घेतला, आणि त्यातील ऊतींच्या असंख्य प्रतिमा वाचण्याचे काम मुंबईच्या लॅब सर्जपॅथमधील विकृतिशास्त्रज्ञांनी डॉ. संजय नवानी यांच्या नेतृत्वाखाली केले, हे महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नाही. एक मिलिमीटर व्यासाच्या ऊतीच्या पातळ कापावर विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड सोडले जाते. प्रथिन असेल तेथे तपकिरी रंग उमटतो, तर पेशीकेंद्रे निळी दिसतात. रंग किती गडद, किती टक्के पेशींत आणि पेशीच्या कोणत्या भागात, याची नोंद तज्ज्ञ डोळ्यांनी पाहून करतो. संगणकाला त्या काळी हे तितक्या विश्वासाने जमत नव्हते.

या नकाशालाही मर्यादा आहेत. प्रतिपिंड कधी भलत्याच प्रथिनाला चिकटते. ऊतीत जनुकाचा आरएनए सापडला म्हणून तेथे प्रथिनही तितकेच असते असे नाही. शिवाय सायटोकाइनचे अनेक रिसेप्टर एका पेशीवर शेकड्यांच्या किंवा थोड्या हजारांच्या संख्येतच असतात, आणि एवढ्या अल्प प्रमाणातही ते संदेश पोचवतात. म्हणून कापावर तपकिरी रंग न दिसणे हा रिसेप्टर नसल्याचा पुरावा मानता येत नाही.