दोन प्रणालींचा संगणक आणि त्याचें प्रतिबिंब

आषाढ लागला कीं खंडाळ्याच्या बंगल्यांत भिंतींना ओल येते, कपाटांतील पुस्तकांवर बुरशी धरते आणि घाटावर वीज कडाडली कीं दिवे जातात. अशा घरांत ठेवलेल्या संगणकाला पावसाळा मानवत नाहीं, हें निराळें सांगावयास नको. त्यांतून त्या संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदत असतील, तर त्याच्या रक्षणाचा विचार अंमळ वेगळ्या रीतीनें करावा लागतो.

‘विंडोज १०’ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली. जुनें यंत्र मोडींत काढण्यापेक्षां त्यावर लिनक्स बसविण्याचा मार्ग तेव्हांपासून अधिकच चर्चेंत आला. परंतु वडिलांचे हिशेब ‘टॅली’मध्यें असतात, म्हणून विंडोजही सोडवत नाहीं. मग एकाच डिस्कचे विभाग पाडून दोघांची सोय लावावी लागते.

येथें एक गैरसमज होतो. आजोबांचीं पत्रें, छायाचित्रें व हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले कीं काम झालें, असें वाटतें. मजकूर वांचतो खरा; पण डिस्क गेल्यावर संगणक पूर्ववत् उठत नाहीं. खंडाळ्याजवळ घाटांत १८६३ पासून १९२९ पर्यंत उलट स्टेशन होतें. चढून आलेली गाडी तेथें थांबे, इंजिन दुसऱ्या टोंकाला लागे आणि गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढे. डबे सारे शाबूत असते आणि तेथील सांधेच उखडले असते, तर गाडी पुण्यास पोंचली नसती. डिस्कवरील सांधे म्हणजे आरंभींचा विभाग-तक्ता आणि ‘ईएफआय’ नांवाचा लहानसा विभाग. कोणती प्रणाली सुरू करावयाची हें विचारणारा ‘ग्रब’ आणि विंडोजचा स्वतःचा आरंभक, दोघांचेंही पहिलें पाऊल याच चिमुकल्या जागेंत पडतें. फायलींच्या नकलेंत यांतलें कांहींच येत नाहीं.

यावर तोड म्हणजे अख्ख्या डिस्कचें प्रतिबिंब घेणें. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रांत तयार झालेलें ‘क्लोनझिला’ हें विनामूल्य साधन पेन ड्राइव्हवरून सुरू होतें. त्या वेळीं डिस्कवरील दोन्ही प्रणाली निजलेल्या असतात, म्हणून नक्कल चालू असतां मजकूर हलत नाहीं. तें भरलेलाच भाग उचलून दाबून ठेवतें. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर १२० भरलेले असतील तर प्रतिबिंबास बहुधा त्याहूनही कमी जागा पुरते. ‘बिटलॉकर’चें कुलूप घातलेला विभाग मात्र त्याला वाचतां येत नाहीं, तो रिकाम्या जागेसकट जसाच्या तसा उचलावा लागतो. त्या कुलपाची किल्ली, म्हणजे ४८ आंकड्यांची संख्या, कागदावर लिहून निराळी ठेवावी.

विंडोजची एक खोड आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद झालेली दिसणारी विंडोज खरोखर अर्धवट झोपेंत असते. ती सोय आधीं काढून टाकावी, मग यंत्र पुरतें मालवावें.

प्रतिबिंब घेण्यांत धोका थोडा. परत उतरवितांना मोठा. कोठून आणि कोठें, यांत चूक झाली तर चांगली डिस्क क्षणांत पुसली जाते. म्हणून नांवावर न जातां प्रत्येक डिस्कचा आकार व बनावट पडताळून पाहावी. नवी डिस्क साधारणतः जुनीहून लहान नसावी. शिवाय उतरविलेली डिस्क मूळ डिस्कचें जुळें भावंड असते, दोघींच्या ओळखखुणाही सारख्याच. दोन्ही एकदम जोडल्या तर यंत्र गोंधळतें. यंत्र बदललें असेल तर ‘ग्रब’ची नोंद पुन्हां करावी लागण्याचाही संभव असतो, कारण ती नोंद डिस्कवर नसून यंत्राच्या मुख्य पाटीवरील स्मृतींत असते.

साधन प्रतिबिंब तपासून पाहतें, पण खरी परीक्षा एखाद्या फावल्या डिस्कवर तें उतरवून दोन्ही प्रणाली उठतात कीं नाहीं हें पाहण्यांतच आहे. घेतलेल्या दिवसानंतरचीं पत्रें व हिशेब त्यांत नसतात. त्यांची नक्कल दर आठवड्यास निराळी घ्यावी. प्रतिबिंबाची डिस्क त्याच बंगल्यांत न ठेवतां मुंबईच्या किंवा पुण्याच्या घरीं न्यावी. खंडाळ्यास ठेवणें भागच असेल तर हवाबंद डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह.