वैद्यकीय संशोधनातील मुले व युवक : संमती कोणाची?

प्रस्तावना :

औषधाचा परिणाम प्रौढांवर जसा होतो तसाच मुलांवर होईल, असे गृहीत धरता येत नाही. १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक नवजात अर्भकांना दिले जात असे. अर्भकांच्या अपरिपक्व यकृताला त्याचा निचरा करता येत नसल्याने ते शरीरात साचत गेले व अनेक अर्भके दगावली. म्हणूनच मुलांसाठीच्या औषधांचे व लशींचे संशोधन मुलांच्या सहभागाशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. मात्र या सहभागास संमती कोणी द्यावयाची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार शिक्षकाच्या भूमिकेच्या अंगाने केला आहे.

संमती व होकार :

भारतात अठरा वर्षांखालील व्यक्ती स्वतः कायदेशीर संमती देऊ शकत नाही. ती पालकांनी द्यावयाची असते. परंतु तेवढ्याने भागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी, तर बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी होकार आवश्यक असतो. वडिलांनी सही केली तरी मुलाच्या नकाराचा सर्वसाधारणपणे आदर करावा लागतो. अभ्यास चालू असताना सहभागी व्यक्तीस अठरा वर्षे पूर्ण झाल्यास तिची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते.

खम्ममचा धडा :

२००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस देण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. त्यांत आश्रमशाळांतील आदिवासी मुलीही होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याची शक्यता चौकशीत फारच कमी आढळली. लशीची उपयुक्तता हाही येथे वादाचा विषय नाही. प्रश्न संमतीचा होता. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. पालकांच्या वतीने सही करण्याची सूचना मुख्याध्यापक व अधीक्षक यांना शासनाकडूनच मिळाली होती. समितीने या प्रकारावर कठोर ताशेरे ओढले. मुलींची दैनंदिन काळजी ज्यांच्याकडे होती, त्यांनाच त्यांचे पालक मानले गेले.

महाविद्यालयातील स्थिती :

आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी सोळा-सतरा वर्षांचे असतात. रक्तक्षय, पोषण, मानसिक आरोग्य अशा विषयांवरील अभ्यासासाठी संशोधक प्राचार्यांची परवानगी मागतात. ही परवानगी आवारात प्रवेश देण्यापुरती असते. ती पालकांच्या संमतीची किंवा विद्यार्थ्याच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही. वरिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी कायद्याने सज्ञान असला, तरी अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत त्या प्राध्यापकांना नकार देणे त्यास सोपे नसते. यास्तव पुढील पथ्ये पाळणे इष्ट ठरेल :

१) नैतिकता समितीची मान्यता पाहिल्याशिवाय परवानगी देऊ नये. औषधाची किंवा लशीची चाचणी असल्यास २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीतील तिची नोंदही पाहावी.

२) माहितीपत्रक मराठीत व पालकांना समजेल अशा भाषेत असावे आणि ते घरी नेऊन विचार करण्यास वेळ द्यावा.

३) संमती घेताना वर्गशिक्षकाने उपस्थित राहू नये, कोणी होकार दिला व कोणी नकार दिला, हे त्यास कळू नये.

४) सहभागाचा संबंध गुण, हजेरी वा प्रमाणपत्राशी जोडू नये.

५) कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते, हे विद्यार्थ्यास स्पष्ट सांगावे.

निष्कर्ष :

मुलांना संशोधनातून सरसकट वगळणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास त्यांच्यावरील उपचार अंदाजावरच चालू राहतील. मात्र पालकाची सही शिक्षकाने करू नये आणि विद्यार्थ्याचा नकार त्याच्याविरुद्ध जाऊ देऊ नये. संशोधकास विद्यार्थी मिळवून देण्यापेक्षा विद्यार्थ्यास 'नाही' म्हणता येईल अशी परिस्थिती राखणे, हे शिक्षकाचे खरे कर्तव्य होय.